मोहाखाली उभी राहणारी

आईला माझे निरोप लांब लागायचे. फोनवर चार शब्द बोलून तिचं भागतच नव्हतं. "रेकार्ड करून पाठव," म्हणायची, "अन् मोठ्यानं बोल. कानात सांगून राह्यली का कोणाच्या?"

मी जर्मनीतल्या एका लहानशा गावात, म्हाताऱ्या माणसांच्या निवासात नर्स. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, परक्या भाषेनं डोकं भणभणलेलं. आणि ही बाई गोंडपिपरीच्या पलीकडच्या आमच्या खेड्यातून हुकूम सोडायची, आज थोडंच बोलली, सकारी जास्त बोल. मी भडकायची.

"का बोलू व रोज रोज? इथी का घडते नवीन?"

"काहीबी बोल. भाजी कायची केली ते सांग. तिथले लोक का खातेत ते सांग. पण मधात थांबू नको."

मला वाटायचं, एकटी आहे बिचारी, करमत नसेल. बाप मी लहान असतानाच गेला. मला बहीण नाही, भाऊ नाही. आमच्या घरात आवाज म्हणजे आम्हा दोघींचाच, आणि त्यातला मोठा माझा. तो मी विमानात घालून घेऊन आले होते. म्हणून मग बोलायची.

काय काय बोलले असेन मी! इथला पाव दगडासारखा असतो आणि लोक तो आवडीनं खातात. कचऱ्याचे डबे रंगारंगांचे, कोणत्या डब्यात काय टाकायचं हे शिकण्यात माझा पहिला हिवाळा गेला. चुकीच्या डब्यात दह्याची वाटी टाकली तर समोरच्या खिडकीतली बाई खाली उतरून ती काढायला लावते, तोंडानं मात्र गोड हसते. रविवारी सगळं गाव मेल्यासारखं चूप. बस अगदी वेळेवर येते आणि आपण धावत येतोय हे दिसत असूनही निघून जाते. माझ्यासोबत खोलीत राहणारी केरळची नर्स वरणाला खोबरेल तेलाची फोडणी देते, आणि लाखोळीची डाळ इथं कोणाला सांगून समजत नाही. जेवली का असं कोणी कोणाला विचारत नाही बापा. तब्येत कशी विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आत पुढं जातात.

हे सगळं मी संध्याकाळी मोठ्यानं बोलायची, तर खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा. मग मी बाहेर जाऊन बोलायला लागले. गावाबाहेर बीटाचं शेत होतं, त्याच्या कडेनं चालत, तोंडासमोर फोन धरून, घसा ताणून. कुत्रं फिरवायला आलेली माणसं मला पाहून रस्ता बदलायची. बदला म्हटलं, मला काय त्याचं.

तिला फोनचा आवाज पुरत नाही म्हणून मी एक वाजवायचा डबा पाठवला होता. नारिंगी रंगाचा, फोनमधलं वायरीशिवाय मोठ्यानं वाजवणारा. भजनं ऐकशील म्हटलं. तिनं भजनं ऐकली नाहीत. "तुह्याच गोठी ऐकतो त्याच्यावर," म्हणाली. मला बरं वाटलं. किती सहज बरं वाटतं माणसाला.

आता मोहाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

आमच्याकडं फागुन सरता सरता मोह गळायला लागतो. फुलं रात्रीतून टपकतात, आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. नाही तर ढोरं, हरणं, अस्वलं, सगळीच टपलेली. कोणतं झाड कोणाचं हे गावात ठरलेलं असतं, कागदावर नाही, तोंडी. नाल्यापलीकडचा जोडमोह आमचा, आजीच्याही आधीपासूनचा. ज्यानं झाडाखाली यायचं सोडलं त्याचं झाड दुसरा धरतो. भांडण होत नाही त्यावर. सोडलं म्हणजे सोडलं.

दुसरा रिवाज वाघाचा. उभ्या माणसाला वाघ सहसा टाळून जातो, पण वाकलेली बाई त्याला जनावर वाटते. आमच्या भागात बहुतेक बाया वाकलेल्या असतानाच गेल्यात, फुलं वेचताना, तेंदूची पानं तोडताना, धानाच्या बांधावर गवत कापताना. म्हणून फुलं जोडीनं वेचायची. एकीनं वाकायचं, एकीनं उभं राहायचं. उभ्या राहणारीनं वाकणारीकडं पाठ करायची, तोंड झुडपाकडं, हातात काठी आणि जीभ सतत चालू. गप्प राहायचं नाही. थोडं थोडं झालं की म्हणायचं, "ऊठ. मांगं पाह्य." वाकणारीनं उठायचं, कंबर सरळ करायची, मागं पाहायचं, आणि पुन्हा वाकायचं.

आईचा हात चपळ, म्हणून ती वाकायची आणि मी उभी राहायची. अगदी लहानपणापासून. शाळेतले पाढे म्हणायची, बाईंच्या नकला करायची, शेजारणींच्या चुगल्या सांगायची, गावात कोणाचं कोणाशी बिनसलं ते रंगवून सांगायची. आई खालूनच हसायची. "तुह्या तोंडाले वाघबी कंटाळते," म्हणायची. माझा आवाज असा मोठा का, असं मला गडचिरोलीच्या नर्सिंगच्या हॉस्टेलात सगळ्या विचारायच्या. काय सांगणार? तो आवाज गप्पांसाठी कमावलेला नव्हता.

नर्सिंग झालं, चंद्रपुरात दवाखान्यात नोकरी झाली, भाषेचा क्लास झाला, व्हिसा आला. निघताना आई रडली नाही. "जाय. इथी राहून का करशील?" एवढंच. सोबतीला शेजारची काकू आहे म्हणाली. पुढल्या वर्षी काकूचे गुडघे गेले. बाकीच्या बाया हंगामात तेलंगणात जातात मिरची तोडायला. टेम्पो भरून नेतात आणि उन्हाळा लागल्यावर आणून सोडतात. गावात राहतात म्हाताऱ्या आणि कोंबड्या. वनखात्यानं मधे मुखवटे वाटले होते, डोक्यामागं बांधायचे, म्हणजे वाघाला वाटावं माणूस आपल्याकडंच बघतोय. आईनं तो खुराड्याच्या दारावर अडकवला. मुंगूस भिते म्हणाली.

या रिवाजापायी निवासात माझी काय फजिती झाली ते मी आईला पुष्कळ दिवस सांगितलं नाही. तिथं एक आजी होत्या, पूर्वी शेतकरीण असलेल्या. बाकी सगळं विसरल्या होत्या, पण फुलांच्या वाफ्यात गवत दिसलं की त्यांना राहवायचं नाही. ऊन पडलं की मला त्यांच्यासोबत बागेत पाठवायचे. आजी वाकून गवत उपटायच्या आणि मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहायची, तोंड कुंपणाकडं. ठरवून नाही केलं काही. शरीरच तसं वळायचं. आणि मोठ्यानं बोलायची, मराठीत, कारण इतकं न थांबता जर्मन मला कुठून येणार? दर थोड्या वेळानं त्यांना, तेवढं मात्र जर्मनमध्ये, म्हणायची, उठा, मागं बघा. त्याही बिचाऱ्या उठून बघायच्या.

एक दिवस आजी रडायला लागल्या. मुलगी भेटायला आली होती, तिला म्हणाल्या, ही काळी पोरगी माझ्याकडं पाठ करून उभी राहते, माझ्यावर ओरडते, मी काय केलं तिचं?

मला ऑफिसात बोलावलं. मुख्य नर्स शांतपणे बोलली, तिथं सगळेच शांतपणे बोलतात, त्यानंच जास्त लागतं. "माणसाकडं पाठ करणं आमच्याकडं अपमान असतो," ती म्हणाली. "तुमच्याकडं नसतो का?"

मी म्हटलं, आमच्याकडं ती राखण असते. राखणीला जर्मन शब्द आठवेना. वाघाला होता. वाघ म्हटलं, तर ती हसली, आणि मग तिला वाटलं हसायला नको होतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, तुमच्याकडं हत्तीवर बसून शाळेत जातात का? असा राग आला म्हणून सांगू! कप आपटला मी. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण आजी माझ्यापायी रडल्या होत्या.

पुढं मी आजींकडं तोंड करून उभी राहायला लागले. त्या हसायच्या, मीही हसायची. पण माझी पाठ कुंपणाकडं उघडी, आणि ड्युटी संपेस्तोवर मानेवर काटा. परका देश म्हणजे काय ते मला तिथं कळलं. थंडीची सवय होते, पावाचीही होते. पाठ उघडी टाकून हसायची मात्र नाही होत.

त्याच वर्षी मोहाच्या हंगामात शेजारच्या गावची एक बाई गेली. मोहाखालीच. आईनं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि फुलांचा भाव काय चालू आहे त्यावर गेली. मी मधेच तोडलं.

"तू कोणासंग जाते आता? काकू तं येत नाई ना?"

"आहे ना एक बाई."

"कोण?"

"बाहेरगावची हाय. गजब बोलते. तोंड बंद होत नाई तिचं. वाघाची का हिंमत!" आणि हसली.

मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या जागी उभी राहून ती माझ्या आईला हसवते म्हणून. पण मनाला धीरही आला. कोणीतरी आहे. रोज सकाळी फुलं वेचून घरी आली की आई मला मिस कॉल द्यायची. तिच्याकडं ऊन चढलेलं असायचं, माझ्याकडं अजून अंधार. तो मिस कॉल आला की मी बूट घालायची. फोन वाजेपर्यंत तशीच बसून राहायची, पायमोजे हातात धरून.

मग मला सुट्टी मिळाली, नेमकी मोह गळायच्या दिवसांत. मीच भांडून तेव्हाची घेतली. नागपूरला उतरले, तिथून एसटीनं चंद्रपूर, चंद्रपूरहून गोंडपिपरी, पुढं ऑटो. घरी पोचले तेव्हा अंगणात फुलं वाळत घातलेली, सगळीकडं तो गोड, जड वास. आई वाळली होती. माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "पांढरी पडली व."

रात्री तिला म्हटलं, सकाळी मी येते सोबत. ती म्हणाली, "झोप पहिले. थकून आली तू. जाऊ मंग परवा."

दुसऱ्या दिवशी डोळा उघडला तेव्हा बाजूची वाकळ घडी घालून ठेवलेली. बाहेर नुसतं फटफटलं होतं. दाराबाहेर काकू ओसरीवर पाय लांब करून बसली होती.

"आई कुठी हाय?"

"गेली ना फुलं वेचाले."

"कोणासंग?"

काकूनं माझ्याकडं असं पाहिलं की वेडीच आहे ही. "तुह्यासंगच तं जाते ना रोज."

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि निघाले. एकटी निघू नको व पोरी, असं काकू मागून ओरडत राहिली, पण तिला उठता येत नव्हतं. नाल्याच्या वाटेनं मी चालत होते आणि बोलत होते, एकटीच, मोठ्यानं, जुन्या सवयीनं. नाला ओलांडला आणि मी थांबले. समोरून एका बाईचा आवाज येत होता. खणखणीत, चिडका, थांबायचं नाव नाही. म्हटलं, हीच ती बाहेरगावची बाई.

मग शब्द कळायला लागले. ती बाई सांगत होती की बस अगदी वेळेवर येते, आणि धावत येणाऱ्या माणसासाठी थांबत नाही. पाव दगडासारखा असतो. कचऱ्याचे डबे रंगारंगांचे.

जोडमोहाच्या खालच्या फांदीला पिशवी टांगलेली होती आणि पिशवीतून तो नारिंगी डबा डोकावत होता. एक निरोप संपला की दुसरा आपोआप लागत होता. मधल्या क्षणभराच्या शांततेत पाखरं ऐकू यायची. आणि त्याखाली माझी आई वाकलेली होती. एकटी. पाठ जंगलाकडं, बोटं भराभर चाललेली, माझं बोलणं ऐकून मधेच हसत. तिला मी आल्याचं कळलंच नाही. कळणार कसं? माझा आवाज तर आधीच तिथं होता.

काठी टेकून उभी राहिले आणि कसंबसं म्हटलं, "आई. ऊठ. मांगं पाह्य."

ती उठली. वळली. मला पाहून आधी घाबरली आणि मग पोरीनं चोरी पकडावी तशी ओशाळली.

तिथंच मी तिला फाडफाड बोलले. वरून डब्यातली मी बोलत होते, खालून मी. "बंद कर ते! डबा राखण करते का व? वाघाले का समजते पाव का अन् बस का? पैसे पाठवतो ना मी? का कमी आहे तुले?"

तिनं डबा बंद केला. आणि बाई गं, किती शांत झालं सगळं! तेव्हा मला कळलं, डबा नसता तर ती रोज काय ऐकत राहिली असती.

"पैशाची गोठ नाई," ती म्हणाली. "झाड सोडलं तं गेलं. माह्या सासूचं हाय. तुले काऊन देऊ मी रिकामं आंगण? अन् घरी बसून तं मी तशीच मरतो." मग टोपलीतली फुलं उगाच चाळत म्हणाली, "तू बोलते तं मले भेव वाटत नाई. वाघाचं मले नाई माहीत."

पोरगीच परदेशात, तर तिच्यासोबत उभं राहा असं म्हणायचं तरी कोणाला? मी उरलेली सुट्टी रोज तिच्याकडं पाठ करून त्या झाडाखाली उभी राहिले. पण गंमत अशी की मला बोलायला सुचेना. तिथलं सगळं तिनं शंभरदा ऐकलेलं, आणि इथलं मला काही माहीत नव्हतं. कोणाचं लग्न झालं, कोण मेलं, सगळं तीच मला खालून सांगायची. वाकलेली बोलत होती आणि उभी ऐकत होती. रिवाजच उलटा झाला होता.

तिला सोबत घेऊन जायचा विषय मी काढला. ती झाडाकडं पाहत राहिली आणि मी तो सोडून दिला. खरं तर मलाही माहीत होतं, रंगारंगांच्या डब्यांसमोर तिला उभी केली असती तर ती तिथंच संपली असती. आणि मी परत येऊन राहायचं म्हटलं, तर तिनंच तोंड फिरवलं. "आली तं बोलशील कायचं? तिथलं सांगाले तं तिथीच राहा लागते," म्हणाली. हसायला आलं नाही मला.

निघायच्या दिवशी तिनं विचारलं, "पाठवशील ना?" पाठवलं नाही तर ती जायचं थांबेल का, हे मी विचारलं नाही. ती थांबणार नाही. मुकाट्यानं जाईल. पाठवलं तर माझाच आवाज तिला तिथं घेऊन जाईल. दोन्हीकडून मीच.

आता मी पुन्हा बीटाच्या शेताकडेनं चालते. आज काय शिजवलं, कोणती आजी काय म्हणाली, बर्फ वितळला की नाही, सगळं सांगते. फरक एवढाच की बोलता बोलता थांबते आणि ओरडते, "आई, ऊठ. मांगं पाह्य." मग थोडी गप्प राहते, तिला कंबर सरळ करायला वेळ मिळावा म्हणून. तेवढ्या वेळात माझीही मान मागं वळते. मागं शेत असतं, दूरवर उघडं.

यंदा पुन्हा मोह गळायला लागला, आणि परवा मिस कॉल यायला उशीर झाला. माझी बस गेली. पायमोजे हातात धरून मी पलंगावर बसले होते आणि केरळची मैत्रीण माझ्या शेजारी बसून होती. शेवटी फोन वाजला. मिस कॉल नाही, खराच. मी तिला बोलूच दिलं नाही.

"कुठी होती व तू? जीव गेला माहा इथी!"

"फुलंच लय पडली होती आज. उशीर झाला." तिला दम लागला होता. "काऊन ओरडते?"

"मांगं पाह्यत होती ना?"

"पाह्यतो ना. तू म्हटलं का दरवेळी पाह्यतो." आणि मला बरं वाटावं म्हणून, लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "कायले भेते तू? मांगं कोणीच नसते."